उमाबाईंचे केस

चुरमुऱ्यांच्या सुसल्याची बशी बाजूला सारून दामिनीने कलपाचं पाकीट टेबलावर ठेवलं, आणि त्या धक्क्याने शेजारचा चहाचा कप कलंडला.

"मम्मी, फक्त एकदाच," ती म्हणाली. "परवाचा माझा साखरपुडा होऊ दे. मग तुला काय करायचं ते कर."

उमाबाईंनी फडक्याने चहा पुसला. पाकीट ओलं होऊ नये म्हणून उचलून कोरड्या जागी ठेवलं, पण उघडलं नाही. समोर मृत्युंजयराव वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते. आता तरी हे काही बोलतील, पोरीला नाही तर मला, अशा आशेने उमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं... आणि मृत्युंजयरावांनी पान उलटलं.

"न्हाई गं दामू," त्या अगदी हळू म्हणाल्या. "ते सोडून दुसरं काहीबी सांग."

दामिनी खुर्ची मागे ढकलून आत निघून गेली. मृत्युंजयरावांनी पेपरची घडी घातली, अशा वेळी माणसाने फार ताणून धरू नये एवढंच बोलले, आणि लातूरच्या गंजगोलाईतल्या आपल्या साड्यांच्या दुकानाकडे निघून गेले. उमाबाई एकट्याच उरल्या. वय वर्षं अठ्ठावन्न, खांद्यापर्यंत कापलेले पांढरेशुभ्र केस, कपाळावर भस्माचे ठळक पट्टे, अंगावर गर्द हिरवं, लाल काठांचं इरकल... आणि काळजात एक अनामिक धास्ती, जणू सगळं घर एका बाजूला झालं आहे आणि दुसऱ्या बाजूला आपण एकट्याच!

दीड वर्षापूर्वी उमाबाई अशा दिसत नव्हत्या. तेव्हा त्यांचे केस काळेभोर असत, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काळे केलेले. अंगावर फिकट, वयाला शोभतील अशा साड्या असत. दुकानात उरलेल्या मालातून मृत्युंजयराव त्या आणत आणि उमाबाई निमूटपणे नेसत. आपल्याला कोणता रंग आवडतो, हे स्वतःला विचारायचीसुद्धा त्यांना सवय राहिली नव्हती. कलप सुटला आणि पुढचं सगळं आपोआप सुटत गेलं. केस पांढरे होत गेले तसे फिकट रंग त्यांना आपल्यावर मेलेले वाटू लागले. एके दिवशी त्यांनी ट्रंकेच्या तळातलं, जळकोटच्या माहेरचं इरकल काढलं, नेसल्या, आरशात पाहिलं आणि किती तरी वेळ तिथून हलल्याच नाहीत. ही बाई त्यांच्या ओळखीची होती. फार वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणीसारखी ती समोर उभी होती!

गल्लीत बायका कुजबुजल्या. कुणी आजार विचारला, कुणी विरक्ती आली का म्हणून हसलं. उमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मृत्युंजयराव मात्र एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्यांचं ते न बोलणंच उमाबाईंना सर्वांत जास्त टोचत राहिलं. कारण त्या मौनाशी त्यांची सत्तावीस वर्षांची ओळख होती.

सत्तावीस वर्षांपूर्वी मावसबहिणीच्या लग्नासाठी दोघं किनवटला निघाले होते आणि मुदखेडच्या स्टेशनावर गाडी बदलायची होती. लग्नाला नऊ वर्षं होऊन गेल्यावर उमाबाईंना पहिल्यांदाच दिवस गेले होते. चौथा महिना चालू होता. वय एकतीस, पण केस पंचविशीपासूनच पिकू लागलेले, आणि तोपर्यंत निम्म्याहून अधिक पांढरे झालेले. बाकड्यावर जागा नव्हती. एक भला माणूस उठला आणि मृत्युंजयरावांना म्हणाला, या, तुमच्या आईला बसू द्या. मग खात्री करून घ्यावी तसं त्याने विचारलं, आईच ना तुमची?

आणि मृत्युंजयराव म्हणाले, "हाव."

उमाबाई बाकड्यावर बसल्या. पोटात बाळ, डोळ्यांत पाणी, आणि शेजारी उभा असलेला नवरा रुळांकडे बघतोय... त्या दिवसाबद्दल दोघांत पुन्हा कधी शब्द निघाला नाही. किनवटला पोचल्यावर उमाबाईंनी बहिणीकडून कलप मागून घेतला, आणि त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत आपल्या डोक्यावर एकही पांढरा केस कुणाला दिसू दिला नाही.

तो कलप सुटला, त्याचं खरं कारण घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. गेल्याच्या गेल्या दिवाळीत कलप लावल्यावर त्यांचे डोळे सुजून मिटले होते. उष्णतेने झालं, असं त्यांनी घरी सांगितलं, पण एकट्याच जाऊन डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं की पुन्हा हा रंग डोक्याला लागला तर सूज घशात उतरेल आणि जिवावर बेतेल. हे घरी सांगितलं असतं तर वादच उरला नसता! पण उमाबाईंना ते नको होतं. पांढऱ्या केसांची ती बाई त्यांना मनापासून आवडू लागली होती, आणि घरच्यांनी तिला औषधाच्या चिठ्ठीखातर खपवून घ्यावं, यापेक्षा मोठा अपमान त्यांना सुचत नव्हता. आवडतं म्हणून राहते, एवढंच कारण पुरेसं असावं... एवढीच त्यांची मागणी होती. ती त्यांनी कुणाकडे कधी बोलून दाखवली नाही, हा भाग वेगळा.

त्या दुपारी धुतलेले कपडे ठेवायला त्या दामिनीच्या खोलीत गेल्या. रडून रडून पोरीचा डोळा लागला होता. उशीवर केस विस्कटलेले, आणि भांगाशी, कपाळापासून थेट टाळूपर्यंत, बोटाच्या पेराएवढी पांढरी रेघ उजळून दिसत होती. उमाबाईंच्या हातातले कपडे गळून पडले. त्यांनी वाकून त्या रेघेवर अलगद बोट ठेवलं. वय वर्षं सव्वीस!

दामिनी दचकून उठली. आईचं बोट, आईची नजर तिने पाहिली, आणि सगळं कळलं.

"कधीपासनं?" उमाबाईंनी विचारलं.

"कॉलेजपासनं." ती गुडघ्यात डोकं घालून बोलत होती. "मन्मथला माहीत न्हाई, मम्मी. त्याच्या आईला तर बिलकूलच न्हाई. बघायला आले तवा तू पदर घेतलास म्हणून निभावलं. पण नांदेडला हॉलमध्ये चारशे माणसं येणार, ओटी भरणार, फोटो काढणार... तुझे केस दिसले की त्या विचारणार, कधी पिकले म्हणून. आणि मग माझ्या डोक्याकडे बघणार."

उमाबाई पलंगाच्या काठावर बसल्या. सकाळपासून त्यांना वाटत होतं, पोरीला आपली लाज वाटते. नाही! पोरगी भ्यायली होती. जशी मुदखेडच्या बाकड्यावर एक बाई भ्यायली होती, तशीच. आणि ही भीती तिला वारशात दिली कुणी? त्यांच्याच रक्ताने दिली. इतकंच नाही, तर लपवायचं कसं तेही त्यांनीच शिकवलं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, न्हाणीघराचं दार लोटून घेऊन... लहानगी दामिनी बाहेर उभी राहून दार वाजवायची, आणि आतून आई म्हणायची, कुणाला सांगू नको गं.

"रडू नको," त्या म्हणाल्या. "लावते मी."

दामिनीने त्यांना मिठी मारली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी पाकीट फोडलं. आधी देवापुढे बसून हातात इष्टलिंग घेतलं, पण काय मागावं ते सुचेना. मागच्या वेळची उरलेली सुजेवरची गोळी त्यांनी पदराच्या गाठीत बांधली. कदाचित काही होणारही नाही, डॉक्टर लोक घाबरवतातच, असं मनाला समजावत त्यांनी एकेक बट काळी केली. भरपूर पाण्याने धुतली. आरशात पाहिलं तर ओळखीची बाई निघून गेली होती, आणि तिच्या जागी एक घाबरलेली, काळ्या केसांची म्हातारी उभी होती.

अकराच्या सुमारास टाळू चुरचुरू लागली. बारा वाजता कानामागे आग आग होऊ लागली. त्यांनी गोळी घेतली आणि पुरणाचे कडबू डब्यात भरत राहिल्या. मृत्युंजयराव दुकानातून आले, बायकोचे केस पाहून क्षणभर उंबऱ्यातच थबकले, काही बोलायला तोंड उघडलं... आणि गाडी आली का बघतो म्हणून वळले. दोन वाजता गाडी नांदेडच्या रस्त्याला लागली. दामिनी पुढे बसून हसत होती, फोनवर बोलत होती, आणि मागे उमाबाई डोळे मिटून मनातल्या मनात किलोमीटर मोजत होत्या. चाकूर गेलं. अहमदपूर गेलं. पापण्या जड झाल्या. ओठ आपले नसल्यासारखे वाटू लागले. उद्या दुपारपर्यंत, फक्त उद्या दुपारपर्यंत टिकू दे... पोरीची ओटी भरून होऊ दे, मग काय व्हायचं ते होवो!

लोहा चार-पाच किलोमीटरवर राहिलं असताना दामिनीने काहीतरी विचारायला मागे वळून पाहिलं आणि ती किंचाळली. आईचा चेहरा तिला ओळखूच आला नाही. डोळ्यांच्या जागी दोन फटी, ओठ सुजून बाहेर आलेले, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज...

लोह्याच्या एका छोट्या दवाखान्यात मृत्युंजयरावांनी त्यांना दोन्ही हातांवर उचलून आत नेलं. एकसष्टीचा माणूस, पण वाटेत कुणाला हात लावू दिला नाही. डॉक्टरांनी धडाधड इंजेक्शनं दिली, नाकाला नळी लावली.  अर्ध्या तासाने श्वास जरा सुरळीत झाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, याआधी असं कधी झालं होतं का.

उमाबाईंनी होकारार्थी मान हलवली.

"मग पुन्हा रंग लावू नका, असं कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

"सांगितलं होतं," त्या सुजलेल्या ओठांतून कशाबशा म्हणाल्या. "जिवावर बेतंल, म्हणले होते."

डॉक्टरांनी मान वर केली आणि त्यांच्याकडे नाही, तर भिंतीशी उभ्या असलेल्या त्या दोघांकडे पाहिलं. दामिनीने तोंडावर हात घेतला.  ती भिंतीला घासत खाली बसली. आपण काल काय मागितलं होतं, ते आता तिला कळत होतं!

थोड्या वेळाने खोलीत फक्त नवरा-बायको राहिले. मृत्युंजयराव पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले होते. 

"उमा," ते म्हणाले, "मुदखेडच्या स्टेशनावर मी हाव म्हणलो होतो."

उमाबाईंच्या डोळ्यांच्या फटी हलल्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, हे विसरून गेले. त्यांच्या लेखी ती गोष्ट घडलीच नव्हती!

"लाज वाटली मला. तुझी. आता खोटं कशाला बोलू," मृत्युंजयराव म्हणाले. "आणि दुसऱ्या दिवशी तू केस काळे करून समोर आलीस, तवा मला बरं वाटलं. ते बरं वाटलेलं मला लई सलतं गं. म्हणून मी तुझ्या केसांबद्दल कधी काही बोललो न्हाई. बोलायचं तोंडच न्हवतं. आता तू पांढरे ठेवलेस तवा रोज वाटायचं, सांगावं हिला, चांगली दिसायलीस म्हणून. आज दुपारी दारात तर अगदी ओठावर आलं होतं, ते पांढरेच चांगले होते म्हणून..."

 उमाबाई निश्चल पडून होत्या. उशीवर एक थेंब ओघळला, मग दुसरा.

"सत्तावीस वर्षं लागली तुम्हाला," त्या म्हणाल्या.

मृत्युंजयरावांनी मान खाली घातली. क्षमा मागायचं धैर्य त्यांना नव्हतं आणि उमाबाईंनीही ती दिल्याचं सांगितलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी पाणी मागितलं. मृत्युंजयरावांनी चमच्याने एकेक घोट पाजला, आणि प्रत्येक घोटानंतर त्यांच्याच पदराने ओठ टिपले. छत्तीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं.

दाराआडून दामिनीने सगळं ऐकलं होतं. ती दवाखान्याच्या अंगणात गेली, आणि तिने मन्मथला फोन लावला. आईचे केस, आपले केस, कॉलेजपासूनचा कलप, कालचं आपलं रडणं, काही म्हणून तिने लपवलं नाही.  मग मन्मथ म्हणाला की त्याने तिच्या भांगातली पांढरी रेघ दुसऱ्याच भेटीत पाहिली होती. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असं वाटून तो बोलला नव्हता. दामिनी हसली की रडली, ते तिचं तिलाही कळलं नाही. पण तुझ्या आईला काय सांगणार, असं तिने विचारल्यावर, आत्ताच सांगून टाकतो म्हणून त्याने फोन ठेवला.

रात्री आठच्या सुमारास तो आईला घेऊन नांदेडहून आला. महानंदाबाई करारी बाई होत्या. दुसऱ्या दिवशीच्या चारशे पाहुण्यांना साखरपुडा पुढे गेल्याचा निरोप देऊन, हॉलवाल्याशी भांडून त्या आल्या होत्या. उमाबाईंच्या उशाशी उभ्या राहून त्यांनी तो सुजलेला चेहरा, टाळूवरचे काळे डाग, रक्ताळलेली चामडी, सगळं नीट पाहिलं.

"केस पांढरे असले तर असू द्यात की," त्या म्हणाल्या. "पण मला सांगायची एवढी धास्ती वाटावी, अशी मी तुम्हाला कुठं दिसले?"

 महानंदाबाईंनी, आधी बऱ्या व्हा, पुढचं बघू, एवढंच म्हटलं आणि त्या निघाल्या. त्या 'बघू'चा अर्थ कुणालाच लागला नाही.

पुढचे नऊ दिवस लातूरच्या घरात फोन वाजला की तिघंही दचकत. मन्मथचा रोज फोन येई, त्याच्या आईचा नाही. दामिनी शाळेत शिकवायला जाई आणि तशीच परत येऊन आईच्या उशाशी बसे. टाळूच्या जखमांना औषध लागावं म्हणून उमाबाईंचे सगळे केस अगदी मुळाशी कापावे लागले होते. खांद्यावर रुळणारी ती शुभ्र शोभा गेली. उरलं ते खपल्या धरलेलं उघडं डोकं. उमाबाई आरशासमोर जाईनात. पांढऱ्या केसांचा त्यांना अभिमान होता, हे आता त्यांच्या लक्षात येत होतं. ते गेल्यावर आपण कोण उरलो, याची मात्र त्यांना भीती वाटत होती. तेवढंच आपलं धाडस होतं काय? केसांबरोबर तेही कापलं गेलं काय?

दहाव्या दिवशी महानंदाबाईंचा फोन आला, तो थेट उमाबाईंना. फार बोलल्या नाहीत. उमाबाईंना प्रवास नको, तर साखरपुडा लातुरातच करू, घरच्या माणसांत, असं सांगितलं. ठेवता ठेवता म्हणाल्या, की त्या रात्री घरी गेल्यावर त्यांना दामिनीची लपवाछपवी आठवत नव्हती, आपलीच आठवत होती. आपणही गेली बावीस वर्षं गुडघेदुखी लपवून पाहुण्यांच्या पंगती वाढतो आहोत, आणि कुणी विचारलं तर हसून सांगतो, काही होत नाही.

दोन महिन्यांनी, साखरपुड्याच्या सकाळी खाली हॉलमध्ये माणसं जमत होती, आणि वर उमाबाई इरकल नेसून खोलीत बसून राहिल्या होत्या. केस अर्ध्या बोटाएवढे वाढले होते, खुरटे, कुठे दाट, कुठे विरळ. डोक्यावर पदर घ्यावा की न घ्यावा, या एका गोष्टीसाठी त्यांनी पाच वेळा पदर घेतला आणि पाच वेळा काढला. इतक्यात दामिनी आत आली. शालू, दागिने, गजरा... आणि कपाळापासून टाळूपर्यंत दीड बोट रुंद पांढरा पट्टा. पार्लरवालीला तिने त्याला हात लावू दिला नव्हता. तिच्या चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसत होती, पण ती त्या भीतीसकट उभी होती.

"चल मम्मी," ती म्हणाली. "मला एकटीला जमायचं न्हाई."

उमाबाई उठल्या. जिन्याच्या खाली मृत्युंजयराव वाट बघत उभे होते. बायकोला उघड्या डोक्याने उतरताना पाहून त्यांनी चारचौघांसमोर तिचा हात धरला, आणि मग तो सोडायचाच विसरून गेले. जंगम स्वामींनी मंत्र म्हटले. महानंदाबाईंनी दामिनीची ओटी भरली, मग उमाबाईंना जवळ ओढून स्वतःशेजारी बसवलं आणि फोटोवाल्याला थांबवून म्हणाल्या, आधी आम्हा विहिणींचा काढ.

पंगती बसू लागल्या तेव्हा मृत्युंजयरावांची एक लांबची बहीण लोकांतून वाट काढत आली. तिने उमाबाईंच्या डोक्याकडे पाहिलं, हनुवटीला हात लावला, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अगं बाई, वहिनी, तुमच्या केसांना हे काय झालं?"

 दामिनीचा चेहरा उतरला. मृत्युंजयराव उत्तर द्यायला पुढे सरसावले, पण उमाबाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवून त्यांना थांबवलं.   त्यांचा आवाज अगदी शांत निघाला.

"झालं काही न्हाई, वन्सं," त्या म्हणाल्या. "माझे असेच हायेत, एकतिशीच्या आधीपासनं. बसा, पान वाढलंय तुमचं."

आणि तुपाचं भांडं उचलून त्या पंगतीत वाढायला निघाल्या.